नळी खोटं बोलत न्हाई

माझ्या लग्नात मी घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघालो होतो. बँड अगदी रंगात आला होता. तेवढ्यात शेजारच्या देवदानमामांनी क्लॅरिनेटवाल्याला थांबवलं, त्याला वाद्य खोलायला लावलं, एक डोळा मिटला आणि नळी उन्हाकडे धरून आत बघितलं.

"किट्ट बसलंय. तंबाखू खाऊन फुंकता व्हय?"

क्लॅरिनेटवाला लाजला. घोडा, नवरदेव आणि अख्खं वऱ्हाड केडगावच्या रस्त्यात खोळंबलं. मामांना त्याचं काय! नळी दिसली की आत बघायचं, हा त्यांचा धर्म. रविवारी चर्चला जातात ते वेगळं.

आमच्या गल्लीच्या टोकाला रायफल क्लब आहे. तिथल्या पॉइंट टू-टू रायफलींची देखभाल मामांकडे. त्यातली एक त्यांची लाडकी. तिला ते एकाच कंपनीची, मेण लावलेली मऊ शिशाची महागडी गोळी 'खाऊ घालायचे'. तांब्याचा मुलामा दिलेल्या, जोरात सुटणाऱ्या स्वस्त गोळ्या कोणी आणल्या की मामांच्या पोटात कळ येते.

"अवो, काडतुसाच्या बुडात पेट घ्यायला काचेची पूड असती. ती नळी घासती. त्यात हा तांब्याचा माल! तुमच्या घशात टाकू का रोज?"

मी एकदा आगाऊपणा केला. म्हटलं, "मामा, काचेची पूड तुमच्या महागड्या काडतुसातही असते."

"खडा घरच्या भातातबी निघतो. म्हून रोज हाटेलात जेवता का?"



माझा नेम असा, की माझी गोळी बहुधा शेजारच्याच्या कागदावर सापडते. एकदा मी रायफलीला दोष दिला. मामांनी तिथल्या तिथे बोल्ट काढून नळी माझ्या डोळ्याला लावली. "बघा, आरशावानी हाय. नळी खोटं बोलत न्हाई. खोट तुमच्या खांद्यात हाय." एका बड्या साहेबांनाही त्यांनी हेच सुनावलं होतं. साहेब पुन्हा फिरकले नाहीत.

ती लाडकी रायफल रूथची, म्हणजे मामांच्या एकुलत्या एका लेकीची. तिच्यावर रूथ जिल्ह्यात पहिली यायची. मग नर्स होऊन परदेशी गेली, तिकडेच लग्न केलं. मामी वारल्यावर मामा घरात एकटे उरले. रायफलीची ती महागडी गोळीही बाजारात मिळेनाशी झाली, तेव्हा शेवटचा डबा त्यांनी क्लबच्या कपाटात कुलपात ठेवला. स्पर्धेसाठी आम्ही हातापाया पडलो, तरी दिला नाही.

"नळीला एका मेणाची सवय लागती," ते म्हणाले. "पोरगी आली अन् तिला रायफल परकी वाटली तर?"

यंदा नाताळला रूथ आली. मामा इस्त्रीच्या शर्टात हजर. डबा फोडला. रूथ पालथी झोपली, चष्मा सारखा केला आणि पाच गोळ्या झाडल्या. मी दुर्बिणीतून बघितलं. पाच भोकं पाच दिशांना. माझ्या हाताला शोभली असती.

रूथ हसायला गेली आणि तिचे डोळे भरले. "विसरले बाबा मी सगळं."

मामांनी रायफल घेतली, बोल्ट काढला, नळी उजेडाकडे धरली. बघतच राहिले. आता ते खांद्याचं वाक्य येणार म्हणून मी दुर्बीण खाली ठेवली.

"नळी झिजली गं," मामा म्हणाले. "तुझा काय दोष न्हाई. लई झिजली."

मग नळी माझ्यापुढे धरली. "बघा वो तुमी."

मी एक डोळा मिटला. आत लख्ख होतं, कुठे ओरखडाही नव्हता. मामांना तिथेच मिठी मारावी असं वाटलं.

"हो," मी म्हणालो, "पार कामातून गेलीय."