पुसेल त्याचा जिना

आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारी एक नोटीस बोर्ड आहे. पाणी कधी येणार नाही ते त्यावर लिहिलेलं असतं आणि त्याच्या खाली पहिल्या मजल्यावरच्या मांडवकरकाकांची नोटीस असते. गेल्या महिन्यातली अशी होती : 'जाहीर नोटीस. खाली सही करणार दत्ताराम मांडवकर यांच्या मोबाईलने अपडेट होण्याची परवानगी मागितलेली आहे. सदर अपडेटमुळे कोणाच्या हक्कास बाधा पोहोचत असल्यास त्यांनी पंधरा दिवसांचे आत लेखी हरकत घ्यावी. मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही.'

हरकत कुणी घेत नाही. काका तरी पंधरा दिवस थांबतात आणि सोळाव्या दिवशी 'मी सहमत आहे'वर बोट ठेवतात. तोवर दुसरं अपडेट आलेलं असतं, मग नवी नोटीस लागते.

एकदा त्यांनी फोनमध्ये बॅटरीचं ॲप घेतलं. म्हणजे लाईट गेल्यावर उजेड पाडायचं. त्या ॲपने फोनमधल्या सगळ्या नंबरांची परवानगी मागितली. काका तडक माझ्या दारात. "मधुरा, उजेड पाडायला याला माझ्या मावसभावाचा नंबर कशाला लागतो? मावसभाव चिपळूणला आहे." मी म्हटलं, "काका, सगळेच मागतात. द्यायचं आणि मोकळं व्हायचं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घर विकून टाकलं असावं. "खोतही असंच म्हणायचा. अंगठा दे आणि मोकळा हो." त्यानंतर लाईट गेले की काका मेणबत्ती लावू लागले.

काकांचे वडील रत्नागिरीकडे एका खोताचं कूळ होते. जमीन खोताची, राबणार हे. पुढे कूळकायदा आला, जमीन वडिलांच्या नावावर झाली आणि काकांच्या डोक्यात जगाचे कायमचे दोन भाग पडले : खोत आणि कुळं. नोकरीही त्यांना तशीच मिळाली. ठाण्याला, जमिनीच्या एका सरकारी कचेरीत. कुणाकडे किती जमीन असावी याची मर्यादा ठरलेली असते. तिच्यावरची जमीन काढून घ्यायची आणि भूमिहीनांना वाटायची, ते काम. त्याला सगळे सिलिंगचं काम म्हणतात. काकांनी जन्मभर तेच केलं. लग्न केलं नाही. विचारलं की सांगतात, "प्रकरण प्रलंबित राहिलं."

आता माझ्याबद्दल. मी वागळे इस्टेटमध्ये गॅस्केट बनवणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे आणि सोसायटीची सेक्रेटरी आहे, कारण ज्या मीटिंगला मी गेले नव्हते त्याच मीटिंगमध्ये मला निवडलं. सेक्रेटरी म्हणून ग्रुपची ॲडमिनही मीच होते. दिवसाला दीडशे मेसेज यायचे, त्यातले निम्मे तिसऱ्या मजल्यावरच्या शिरोडकरांचे. गुलाब, सूर्योदय, मेथीचं पाणी, गुडघ्याचे व्यायाम. कंटाळून एक दिवस मी काकांना ॲडमिन करून टाकलं. आयुष्यात काही बटणं आपण विचार न करता दाबतो, त्यातलं हे एक.

त्याच सुमारास सोसायटीने गेटचं ॲप घेतलं होतं. आणलं मीच, ते कबूल करते. महिनाभर वापरून बघायचं आणि मग ग्रुपवर मतदान घेऊन कायम करायचं, असं ठरलं. ॲप असं की कामाला येणाऱ्या बायकांचे चेहरे त्यात घालायचे, गेटवरचा कॅमेरा चेहरा ओळखतो आणि गेट उघडतो. शिवाय प्रत्येक घराने आपल्या बाईला स्टार द्यायचे, नाव न सांगता. कायम झाल्यावर ज्या बाईला तीनपेक्षा कमी स्टार, तिला गेट उघडणार नाही.

सुनंदा आमच्याकडे बारा वर्षं जिना पुसते आणि सात घरची भांडी करते. तिचा फोटो काढला तेव्हा नेमके तिचे डोळे मिटलेले. त्यामुळे तिने डोळे उघडे ठेवले की कॅमेरा म्हणायचा, ओळख पटली नाही. रोज सकाळी ती गेटसमोर हात जोडून डोळे मिटून उभी राहायची, तेव्हा गेट उघडायचं. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटायचं, सोसायटीत देऊळ आहे. हे चाललं असतं, पण महिना संपत आला तेव्हा तिचे स्टार झाले अडीच.

"अडीच म्हणजे पास का नापास?" तिने मला विचारलं.

"बघू," मी म्हटलं.

काकांना हे कळलं आणि त्यांनी विचारलं, "या बाईचा फैसला ज्या ग्रुपवर होणार, त्या ग्रुपवर ती बाई आहे का?" नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे ग्रुपवर आदेश पडला. काकांनी आठवडाभर गुपचूप पाहणी केली होती, कुणाकडे दिवसाला किती मेसेज आहेत. 'सबब, चौकशीअंती असे निदर्शनास आले आहे की, ग्रुपवरील बहुतांश क्षेत्र एकाच कुटुंबाचे कब्जात आहे. आजपासून प्रति माणशी चार मेसेजची कमाल मर्यादा लागू करण्यात येत आहे. अतिरिक्त क्षेत्र भूमिहीनांना वाटप होईल.' त्याखाली : 'श्रीमती सुनंदा यांना ग्रुपमध्ये समाविष्ट करण्यात आले आहे.'

शिरोडकर धावतच खाली आले. "अहो, ती रहिवासी तरी आहे का?"

"जिना कोण पुसतं?"

"ती पुसते. म्हणून काय जिना तिचा?"

"कसेल त्याची जमीन," काका शांतपणे म्हणाले, "पुसेल त्याचा जिना."

शिरोडकर हरणारे नव्हेत. दोन दिवसांत त्यांच्या घरातून ग्रुपवर बायको आली, मुलगा आला, सून आली, बदलापूरला दिलेली मुलगी आली. पाचवा नंबर आला तो त्यांच्या नातवाचा, आरव शिरोडकर, वय वर्ष एक. त्याच्या नावाने नवीन सिम घेतलेलं. आरवचा पहिला मेसेज सकाळी पावणेसहाला आला : 'मेथीदाणे रात्री भिजत घाला व सकाळी चावून खा.' त्याला तेव्हा एकही दात नव्हता.

मला वाटलं काका संतापतील. छे! ते इतके खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते. "हेच! जमीनदार अगदी हेच करायचे!" टाळ्या वाजवायच्याच तेवढ्या बाकी होत्या. "पाळण्यातल्या पोराच्या नावावर चाळीस एकर. एकाने तर बैलाच्या नावावर लावली होती." आणि त्यांनी सुनावणी लावली.

सोसायटीच्या ऑफिसात रविवारी दहा वाजता आरव आईच्या कडेवर बसून हजर झाला. काकांनी त्याच्यासमोर फोन धरला. "अर्जदाराने स्वतः टाईप करून दाखवावे." अर्जदाराने फोन आधी चाटला, मग दोन्ही हातांनी बडवला. ग्रुपवर मेसेज गेला, नुसते क आणि ङ. शिरोडकर उठून उभे राहिले, "बघा! कसतोय तो!"

काकांनी बराच वेळ विचार केला. मग लिहिलं, 'अर्जदार प्रत्यक्ष कसताना आढळला. सबब एक मेसेज मंजूर. उर्वरित तीन सरकारजमा.' त्या दिवसापासून आरवचा रोज एक मेसेज येतो आणि खरं सांगायचं तर ग्रुपवर तो एवढा एकच मी पूर्ण वाचते.

सुनंदा मात्र काहीच पाठवत नव्हती. मग एके दिवशी तिच्या नंबरवरून गुलाब आला. पाठोपाठ सूर्योदय, मग रक्तदाबावर चार ओळी. शिरोडकर जिन्यात तिचा फोन घेऊन बसायचे, "तू तरी कुठे वापरतेस, मी टाकतो" म्हणून. तिने सरळ देऊन टाकला होता.

त्या वेळी काका चिडले. खरंच चिडले. शिरोडकरांना नाही, स्वतःलाच बोलत होते, "कागद दिला आणि झालं समजलो. ताबा दिलाच नाही. परत तेच." मला तेव्हा अर्थ लागला नाही. दुसऱ्या दिवसापासून सुनंदा जिना पुसून टेकली की काका तिच्याशेजारी पायरीवर बसू लागले, मध्ये फोन ठेवून.

"बोल काहीतरी."

"काय बोलू ओ काका? मला काय बोलायचंच नाय."

"मतदान बुधवारी आहे. गेट बंद झालं तर सात घरं जातील तुझी."

"ते खरंय," ती म्हणायची आणि बसल्या बसल्या फडकं पिळायला लागायची. मी कामावर जाताना त्यांना ओलांडून जायचे. थांबत नव्हते. त्याला कारण होतं.

मंगळवारी संध्याकाळी ग्रुपवर सुनंदाचा आवाज आला. मी भाजी चिरत होते, सुरी तशीच हातात राहिली. "मी सुनंदा बोलते. जिन्याची. मला अडीच स्टार हायत. एक स्टार कोनी दिला त्ये मला ठाऊक हाय. मी नाव घेत नाय. पन ज्यांनी दिला त्यांच्याकडं उद्यापासनं येनार नाय. बाकी घरी येते. आनि तिसऱ्या मजल्यावर बघून चाला, ओलं हाय."

तो एक स्टार मी दिला होता.

सांगून टाकते. सुनंदा माझ्याकडे सव्वासहाला यायची, म्हणून मी साडेसातला निघू शकायचे. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी तिला जास्त पैसे देऊन ती वेळ मागितली होती. तिला कमी स्टार दिसले तर दुसरं कुणी बोलावणार नाही, ती माझीच राहील, एवढाच हिशोब केला. गेट बंद होईल हे माझ्या डोक्यात आलंच नाही असं म्हणणार होते, पण ॲप मीच आणलं होतं. आलं होतं डोक्यात. मी त्याच्यावर बोट ठेवून पुढे गेले.

सकाळी सहाला मी खाली गेटपाशी गेले, तर माझ्या आधी तिथे तीन घरं उभी. एकजण साडी घेऊन, एकजण मुलाच्या वाढदिवसाच्या केकचा डबा घेऊन, आणि शिरोडकर. सात घरांपैकी पाच घरांनी त्या दिवशी सुनंदाची माफी मागितली. एक स्टार किती जणांनी दिला होता देव जाणे. माझा नंबर आला तेव्हा मी म्हटलं, "सुनंदा, मी दिला होता. चुकलं माझं."

"ताई, मला कुठं ठाऊक होतं? मी आपली अशीच बोलले." मग तिने पदर खोचला. "आता झालं ठाऊक. उद्यापासनं तुमच्याकडं दहाला येईन. चावी वॉचमनकडं ठेवा."

दुपारपर्यंत ॲपच्या विरोधात एवढी मतं पडली की मोजायची गरजच उरली नाही.

संध्याकाळी मी काकांकडे पेढे घेऊन गेले. वाटलं, विजयसभा चालू असेल. ते खिडकीपाशी दिवा न लावता बसले होते. मी माझा स्टार त्यांनाही सांगितला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बस."

मग म्हणाले, "ठमाबाई म्हणून एक होती. शीळफाट्याच्या पुढची. तिला सिलिंगची दीड एकर दिली, कागद मीच लिहिला. सुवाच्य अक्षरात. जमिनीवर मात्र जुना मालकच पेरत राहिला, तिला बांधावरसुद्धा उभं राहू देईना. ती दर महिन्याला कचेरीत यायची. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत. चपला बाहेर काढून ठेवायची, मी नको म्हटलं तरी. मी तिला पाणी द्यायचो, खुर्ची द्यायचो आणि पुढची तारीख द्यायचो. अकरा वर्षं."

"मग?"

"मग यायची थांबली. कचेरीतून शीळफाटा केवढासा लांब, मधुरा? एकदा तिच्याबरोबर जाऊन त्या जमिनीवर उभा राहिलो असतो तर. ते माझं काम नव्हतं, असं मी म्हणायचो. फाईलवर तसं लिहिलेलंही आहे." ते थांबले. "रिटायर झाल्यावर तीनदा गेलो. फाट्याला उतरतो, चहा पितो, परत येतो. पुढे पाय उचलत नाही. एकट्याने होत नाही ते."

मला रडू आलं आणि ते लपवायला मी पेढ्याचा पुडा सोडायला लागले. रविवारी मला ठाण्याला साखरपुड्याला जायचं होतं. मी म्हटलं, "रविवारी मी मोकळी आहे. जाऊ या."

काका लगेच उठले. कपाटातून पांढरा शर्ट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर नीट पसरून ठेवला. बुधवार होता. मग शर्टाकडे बघतच त्यांनी विचारलं, "ती भेटली तर काय म्हणायचं? 'विलंबाबद्दल दिलगीर आहे', असं चालेल?"

"नको काका."

"मग तू सकाळी सुनंदाला काय म्हणालीस?"

"चुकलं माझं."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी मान हलवली. मी पायऱ्या चढायला लागले तेव्हा त्यांचं दार अजून उघडंच होतं, आणि आत काका ते दोन शब्द हळूहळू म्हणून बघत होते.