विहिरीचं पाचवं मत

लटारूभाऊंच्या मते सिंदेवाहीपासून आरमोरीपर्यंत त्यांच्याएवढा बारीक नजरेचा गुप्तहेर जन्माला आलेला नव्हता. आरमोरीच्या पलीकडे ते कधी गेलेच नव्हते, म्हणून तिकडचं ते बोलत नसत. फुटक्या टॉर्चची काच ते भिंग म्हणून खिशात बाळगत. तिच्यातून सगळं अंधुकच दिसे, पण गुन्हेगार घाबरतो म्हणत.

सन चोपन्नमध्ये गावाने त्यांना पंच केलं आणि पहिल्याच मोठ्या बैठकीत गुन्हा घडला. विहीर टोल्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या छोट्या वस्तीत, खोदायची की भैयाजींच्या वाडीत, एवढाच सवाल होता. टोल्यावरच्या बाया उन्हाळाभर कोसावरच्या नाल्यात झिरा उकरून पाणी आणत. त्यांच्यातली सुकरी निकाल ऐकायला दारातच बसली होती. भैयाजी स्वतः पंच, पण वाडी त्यांचीच. "माह्या घरच्या कामात मी मत देनं बरं नाई," म्हणून ते आपणहून बाहेर चिंचेखाली जाऊन बसले. उरलेल्या पाच पंचांनी एकेक करून हातातल्या दोन दाण्यांपैकी एक घागरीत टाकायचा होता: टोल्यासाठी धान, वाडीसाठी लाखोळी. लटारूभाऊंनी प्रत्येकाच्या हातावर भिंग रोखलं आणि शेवटी घागरीत डोकं घालूनही तपासणी केली.

सरपंच गुणवंतरावांनी घागर पालथी केली. दोन धान, दोन लाखोळी. पाचवा दाणा नव्हता.

"चोरी झाली," लटारूभाऊ म्हणाले. "कोनी हलू नका."

आधी उंदरावर आळ आला. पण घागरीत उतरलेला उंदीर वर कसा चढला, हे काही जमेना. मग भैयाजींनी खिडकीतून हात घातला असणार असं ठरलं. खिडकीखाली चपलेचा ठसाही सापडला. मापून पाहिला, तर तो लटारूभाऊंच्याच चपलेचा निघाला.

"म्हंजे भैयाजीनं माह्या चपला चोरल्या."

"त्या तर तुह्या पायात हायेत," भैयाजी चिंचेखालून म्हणाले.

"आनून ठेवल्या असन."

मग गुणवंतरावांना तोंड उघडायला लावलं. आत सुपारी होती.

सुकरीचा धीर सुटला. असंच चाललं तर येता उन्हाळाही नाल्यावरच जाणार, हे तिला दिसत होतं.

"लटारूभाऊ, सगळ्याइले दाना टाकताना तुमी पाह्यलं नं?"

"एकूनेकाले."

"मंग तुमाले टाकताना कोनं पाह्यलं?"

लटारूभाऊंचा हात हळूच खिशात गेला. भिंगाशेजारी एक धान, एक लाखोळी, दोन्ही शाबूत होते.

"मी घागरीत डोकं तर घातलं होतं," ते पुटपुटले.

"आपल्याले दाने मोजाचे होते, डोके नाई," गुणवंतराव म्हणाले.

लटारूभाऊंनी एकदा चिंचेकडे पाहिलं, एकदा दाराकडे. या वेळी भिंग न लावता. मग घागरीत धान टाकलं, आणि विहीर टोल्यावर गेली.

"चोर सापडला," ते भिंग पुसत म्हणाले. "बैठक सुटाच्या आत."

सुकरी पदर खोचून उठली. एवढी मनापासून ती कित्येक दिवसांत हसली नव्हती.

"पानी लागलं का पयला गडवा तुमालेच देतो, भाऊ. पन तो पेऊन टाका. खिशात नका ठेवू."