कानमिस्त्रीची गाडी तेल पिते

दुकान उघडायच्या आधी कानमिस्त्रीने आपल्या मोटारसायकलच्या तेलाचं झाकण फिरवलं, झाकणाला जोडलेली पट्टी बाहेर काढली, फडक्याने पुसली, पुन्हा आत बुडवली आणि पुन्हा बाहेर काढून उजेडात धरली. घरात कोणी तापाने फणफणलेलं असलं की माणूस थर्मामीटरकडे जसा बघतो, तसा तो पट्टीकडे बघत राहिला.

"आजही कमी?" बायकोने दारातूनच विचारलं.

"आजही," तो म्हणाला, आणि डब्यातलं तेल हळूहळू इंजिनात ओतू लागला. दुखणाइताच्या खोलीतून लोक जसे पाय न वाजवता बाहेर पडतात तशी बायको आत गेली.

त्याचं खरं नाव आता वीजबिलापुरतं उरलं होतं. लांब दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि मग इंजिनाच्या पोटात काय दुखतंय ते सांगायचं, ही त्याची पद्धत. म्हणून तो कानमिस्त्री. कानमिस्त्रीला कळणार नाही असं इंजिन अजून कारखान्यातून बाहेर पडलेलं नाही, असं लोक म्हणत. तो स्वतः असं कधी म्हणाला नाही. मात्र कोणी म्हणत असेल तर त्याला मधेच तोडतही नसे.

आयुष्य सगळं दुसऱ्यांच्या गाड्यांवर गेलं होतं. दुरुस्त केलेली गाडी फिरवून बघायच्या निमित्ताने तो भाजी आणायचा, बायकोला तिच्या माहेरी सोडायचा. पन्नाशी उलटल्यावर त्याने पहिल्यांदा स्वतःची गाडी घेतली. दोन मालकांच्या हातांखालून गेलेली असली तरी गुणी होती; कान लावून, पारखून घेतली होती. आणि घरात आल्यावर महिनाभरात तिने मागून निळा धूर सोडायला सुरुवात केली. निळा धूर म्हणजे पेट्रोलबरोबर तेल जळतंय. गाडी तेल पीत होती.

दिव्याखाली अंधार असतो हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण उजेडासाठी आलेल्या गिऱ्हाइकाला तो अंधार दाखवून चालत नाही. कानमिस्त्रीने दुकानाचं दार आतून लावून इंजिन उघडलं. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या असतील म्हणून त्या बदलल्या. धूर आला. मग व्हॉल्व्हचे सील बदलले. धूर आला. हवेच्या गाळणीचा डबा उघडला तर त्यात तेलच तेल. म्हणजे इंजिन आतून धाप टाकतंय आणि तेल वर ढकलतंय, असा अर्थ लावून त्याने सिलिंडरही नवा बसवला. प्रत्येक वेळी ताजं तेल भरलं, किल्ली फिरवली आणि आरशात मागे बघितलं. मागे काही दिसत नव्हतं, इतका धूर होता.

"मिस्त्री, धूर कसला हो एवढा?" गल्लीतल्या शिंप्याने एकदा विचारलंच.

"थंडीचा असतो असा."

"थंडी? अहो, मी पंख्याखाली बसलोय."

त्यानंतर तो गाडी मागच्या बोळातून नेऊ लागला. चढ लागला की उतरून ढकलायचा, कारण चढावर धूर जास्त. असाच ढकलत असताना एक दूधवाला भेटला. दूधवाल्याची गाडी वर्षानुवर्षं कानमिस्त्रीकडेच असायची.

"तुमची का ही नवी गाडी?"

"नाही," कानमिस्त्री म्हणाला, "गिऱ्हाइकाची आहे."

घरी येऊन तो जेवला नाही. जन्मात पहिली गाडी घेतली, आणि तिलाही परक्याची म्हणायची वेळ आली, याचं त्याला फार वाईट वाटलं.

"पलीकडच्याला दाखवा," बायको म्हणाली.

पलीकडचा म्हणजे पुलापलीकडचा मिस्त्री. तो कानमिस्त्रीच्याच हाताखाली शिकला होता. एके दिवशी भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर, तो म्हणाला होता, "उस्ताद, हा आवाज इंजिनाचा नाही, साखळीचा आहे." त्याच संध्याकाळी त्याने दुकान सोडलं, म्हणजे कानमिस्त्रीने त्याला सोडायला लावलं. आवाज साखळीचाच निघाला होता. तो चुकला असता तर कानमिस्त्रीने त्याला केव्हाच माफ केलं असतं.

"मी मेलो तरी त्याच्या दारात जाणार नाही."

"तुम्ही कशाला जाताय? माझा भाऊ आहे की."

मेहुणा चपलांच्या दुकानात कामाला होता आणि स्वभावाने आज्ञाधारक होता. कानमिस्त्रीने त्याला समोर बसवून पढवलं.

"गाडी तेल पिते, एवढंच सांगायचं. गाडी तुझी आहे."

"आणि त्यांनी काही विचारलं तर, दाजी?"

"मला यातलं काही कळत नाही म्हणायचं."

"ते खरंच आहे."

"म्हणून तर तुला पाठवतोय."

संध्याकाळी मेहुणा चालत परत आला.

"काय म्हणाला?"

"ठेवून जा म्हणाले. आधी इंजिन कोणी उघडलं होतं विचारलं. मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही."

"शाबास."

"मग घर कुठे विचारलं. मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही. मग हसून विचारलं, निदान गाडीचा रंग तरी सांगा. मी म्हटलं..."

"कळलं," कानमिस्त्री म्हणाला.

पुढचे दिवस कठीण गेले. नातेवाईक इस्पितळात ठेवलेला आणि आपल्याला आत जायची बंदी, अशी त्याची अवस्था होती. मेहुणा रोज चौकशी करून यायचा आणि सांगायचा, अजून निदान नाही. ते ऐकून कानमिस्त्रीच्या एका मनाला घोर लागायचा. दुसरं मन मात्र, खोटं कशाला बोला, जरा सुखावायचं. पलीकडच्याला दोष सापडला तर गाडी बरी होणार होती आणि कानमिस्त्रीचं नाव पुलापलीकडे बुडणार होतं. सापडला नाही तर नाव राहणार होतं आणि गाडी जाणार होती. दोन्ही हवं म्हणायची सोय नव्हती.

एका दुपारी, बाजार जेवायला बंद असताना, दुकानाच्या मागच्या दारावर थाप पडली. दारात पलीकडचा उभा होता. घामाघूम झालेला, आणि त्याच्या हातात चादरीने झाकलेली, ढकलत आणलेली एक मोटारसायकल.

"आत येऊ, उस्ताद?"

"या," कानमिस्त्री म्हणाला. पूर्वी तो त्याला अरे-तुरे करायचा. रागावल्यापासून अहो-जाहो करत होता, म्हणजे भेटला असता तर केलं असतं.

"एका गिऱ्हाइकाची गाडी आहे. तेल पिते. मला काही सापडत नाही. तुम्ही एकदा बघा. मी आलो होतो हे मात्र कुठे बोलू नका. पुलापलीकडे माझंही थोडंफार नाव आहे."

त्याने चादर काढली. कानमिस्त्रीने स्वतःच्या गाडीकडे पहिल्यांदाच बघतोय अशा चेहऱ्याने बघितलं.

"काय काय पाहिलंत?"

"रिंगा पाहिल्या, सील पाहिले, सिलिंडर पाहिला. सगळं नवंकोरं. ज्याने केलंय त्याने काम फार सुंदर केलंय."

"असं का?" कानमिस्त्रीला बरं वाटलं.

"फार सुंदर. पण उगाच केलंय. आधीचं काही खराब झालं असेल असं वाटत नाही."

बरं वाटायचं थांबलं. एवढ्यात बायको चहाचे कप घेऊन आली आणि गाडी बघून उभीच राहिली.

"अगंबाई, ही तर..."

"गिऱ्हाइकाची आहे," दोघेही मिस्त्री एकदम म्हणाले.

मग कोणीच कोणाकडे बघितलं नाही. बायकोने कप ठेवले आणि पदराने तोंड पुसल्यासारखं करत भिंतीकडे वळून उभी राहिली.

कानमिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली. पलीकडच्याने इंजिन सुरू केलं. कानमिस्त्री डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिला. आत सगळं जिथल्या तिथे, आपापलं काम करत होतं.

"ठणठणीत आहे," तो डोळे उघडून हताशपणे म्हणाला.

"मलाही तेच वाटलं. आता मालकालाच विचारायला हवं, गाडी वापरतो कशी. पण जे गाडी घेऊन आले त्यांना गाडीचा रंगसुद्धा सांगता आला नाही." पलीकडच्याने चहाचा घोट घेतला. "तुम्ही मालक आहात असं धरून मी विचारू का?"

"मी कशाला मालक?"

"नुसतं धरायचं, उस्ताद. धरायला काय जातंय?"

"धरा," कानमिस्त्री म्हणाला आणि नकळत गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसला. दुकान थाटल्यापासून तो त्या बाकावर कधी बसला नव्हता.

"तेल कोण टाकतं?"

"मीच. म्हणजे, मालक."

"किती दिवसांनी बघता?"

"रोज सकाळी."

"रोज?"

"पहिली गाडी आहे त्याची," कानमिस्त्री म्हणाला. "असेल, म्हणजे. जीव असतो माणसाचा."

"असतो," पलीकडचा गंभीरपणे म्हणाला. "आणि तेल कमी झालंय हे कशावरून ठरवता?"

"हा काय प्रश्न झाला? पट्टीवरची वरची खूण कोरडी दिसली की तेल कमी. दोन्ही खुणा बुडाल्या पाहिजेत. पहिल्याच दिवशी शिकवलं होतं मी तुला!"

"शिकवलं होतं. मी अजून तसंच करतो. काल हिच्यात तसंच केलं, दोन्ही खुणा बुडवल्या. आज सकाळी सुरू केली तर धुराने दुकान भरलं."

एवढं बोलून पलीकडचा गप्प झाला. त्याला पुढचं सुचलं होतं की नाही कोण जाणे. मागच्या वेळी तोंड उघडल्याचं फळ त्याला आठवत असावं, कारण तो खाली मान घालून कपातल्या सायीकडे एकटक बघत बसला. बोलायचं काम कानमिस्त्रीवर येऊन पडलं.

त्याने झाकण फिरवलं, पट्टी काढली आणि हातात धरली. वरची खूण, खालची खूण. उस्तादाने शिकवलं, उस्तादाला त्याच्या उस्तादाने. मधे कोणी काही विचारलं नाही.

"काय रे," तो सावकाश म्हणाला, "दोन्ही बुडवायच्या, तर मुळात दोन खुणा कशाला केल्या असतील?"

उत्तराची गरज नव्हती. तेल त्या दोन खुणांच्या मधे असलं की इंजिनाचं पोट भरलेलं असतं. वरचं तेल कुठे मावणार? ते नळीतून गाळणीच्या डब्यात जायचं, तिथून पुन्हा इंजिनात जाऊन जळायचं, धूर व्हायचा आणि तेल आपल्या जागी येऊन ठरायचं. गाडी बरी व्हायची. मग सकाळी कानमिस्त्री पट्टी काढायचा, वरची खूण कोरडी दिसायची आणि तो प्रेमाने पुन्हा ओतायचा.

"ती पीत नव्हती रे," कानमिस्त्री म्हणाला, "मीच पाजत होतो."

"मालक पाजत होते," पलीकडच्याने हळूच सुधारलं.

"पण मग आपल्या बाकीच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या?"

"त्यांचे मालक रोज झाकण उघडून बघत नाहीत, उस्ताद. पहिले चार दिवस धूर निघत असेल. लोक म्हणत असतील, नवं तेल आहे."

म्हणजे ज्यांनी गाड्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही त्यांच्या गाड्या वाचल्या होत्या. जिच्यावर जीव लावला तिचंच पोट तीनदा फाडून झालं होतं. कानमिस्त्रीने जास्तीचं तेल काढलं, गाळणीचा डबा पुसला आणि दोघांनी मिळून गाडी सुरू केली. राहिलेला धूर निघून गेला. मग मागची भिंत स्वच्छ दिसू लागली. कानमिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी ते धुरामुळे आलं असं म्हणायची सोयही राहिली नव्हती.

"मालकाला काय सांगू?" पलीकडच्याने जाताना विचारलं.

"त्याला कळलंय. आणि हे बघ, दोष तुला सापडला असंच सगळ्यांना सांग. तो तुझ्या प्रश्नांनी सापडला. त्या साखळीच्या वेळीही तुझंच बरोबर होतं."

पलीकडच्याने वाकून नमस्कार केला, चादर घडी करून काखेत मारली आणि गाडी तिथेच ठेवून निघाला.

पण त्याने आज्ञा पाळली नाही. दोनच दिवसांत बाजारभर झालं, की पुलापलीकडे एक गाडी अडली होती, तिथे कोणाला काही कळेना, आणि कानमिस्त्रीने तिला नुसता कान लावून दोष सांगितला. दुकानासमोर माणसं जमली. शिंपी आला, दूधवालाही आला.

"मालकच रोज वरून तेल ओतत होता म्हणे," शिंपी म्हणाला. "असा कोण गाढव हो तो, मिस्त्री?"

कानमिस्त्रीच्या हातातला पाना थांबला. मेहुणा कोपऱ्यात उभा होता. त्याच्याकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी तो "मला यातलं काही कळत नाही" म्हणाला असता आणि काम भागलं असतं. नावही राहिलं असतं. कानमिस्त्रीने पाना खाली ठेवला आणि हात पुसले.

"मी," तो म्हणाला. "ती गाडी माझी आहे. तेल मीच ओतत होतो. तुम्हाला गिऱ्हाइकाची म्हणून सांगितलं, ते खोटं होतं."

दूधवाल्याने मान हलवली.

"बघा," तो भारावलेल्या आवाजात सगळ्यांना म्हणाला, "याला म्हणतात मोठेपणा. गिऱ्हाइकाची अब्रू जाऊ नये म्हणून माणूस दुसऱ्याचं गाढवपण स्वतःच्या अंगावर घेतो."

"अहो, खरंच मी..."

"पुरे, मिस्त्री, पुरे," शिंप्याने त्याचा हात दाबला. "आम्हाला कळलं."

त्याने पुन्हा दोनदा सांगून बघितलं. जितकं सांगावं तितके लोक हेलावत होते. शेवटी दूधवाल्याने डोळे पुसले आणि आपली गाडी पुढे आणली.

"आता माझा दुसऱ्या कोणावर विश्वास नाही. उद्यापासून रोज सकाळी गाडी आणतो. तेल तुम्हीच आपल्या हाताने बघत जा."

"रोज नको," कानमिस्त्री घाईघाईने म्हणाला. "हात जोडतो, रोज नको."