पानासकट तामाले

मेक्सिकन जेवणातलं मला सगळं कळतं! निदान शनिवारी दुपारी साडेबारापर्यंत तरी कळत होतं.

आमच्या कोपऱ्यावर नवं मेक्सिकन हॉटेल उघडलं आणि मी जाहीर केलं, "लेकीच्या सासरच्यांना तिथंच जेवू घालायचं!" लग्न अजून ठरायचं होतं. मुलाच्या आईनं सांगितलं होतं, "आधी माणसं बघू, मग बोलू."

"अहो, आपण कधी खाल्लंय का तिथलं?" बायको कुजबुजली.

"तू फक्त माझ्याकडे बघ आणि मी करीन तसं कर!"

शनिवारी दोन्ही घरची मिळून सहा माणसं जमली, तेव्हा हेच वाक्य मी टेबलावर सगळ्यांना ऐकवलं. मग तामाले आले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे. मक्याच्या सुकल्या पानात गुंडाळलेले, तान्हं बाळ दुपट्यात निजवावं तसे, वर इवलीशी गाठ. मी पानासकट घास तोडला. चावला. पुन्हा चावला. चावतच राहिलो! केरसुणी खातोय की काय!

"कसं आहे?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"अप्रतिम! पानातच तर खरी चव! नीट चावायचं मात्र."

झालं! पाच तोंडं एका तालात हलू लागली. होणारे जावई लालबुंद झाले. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीनं टेबलाखालून मला लाथ मारली. मुलाची आई तर माझ्यावर नजर रोखून चावत होती. माघार कशी घेणार? मी दुसरं पानही संपवलं.

वेटर प्लेटा उचलायला आला नि थबकला. त्यानं टेबलाखाली वाकून बघितलं.

"साहेब, पानं कुठायत?"

"खाल्ली!"

"सगळ्यांनी?" तो किंचाळलाच. "अहो, ती काढून टाकायची असतात!"

आचारी बाहेर येऊन आ वासून उभा. गेलं लग्न! लेकीनं मान खाली घातली.

मुलाचे वडील घटाघटा पाणी प्यायले. "मला शंका आली होती हो. पण व्याह्यांना टोकायचं कसं?"

व्याही! मी खुर्चीत ताठ झालो.

मुलाच्या आईनं दातांतला धागा ओढून काढला आणि लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "लग्न पक्कं! जी पोर इतकी वर्षं यांच्यापाशी टिकली, ती आमच्याकडे सहज टिकेल."

सगळे खो खो हसले. मीही हसलो असतो, पण माझ्या दाढेत अजून अर्धं पान होतं.