देवस्थळी मॅडम आणि तीन दिवसांची पिल्लं

देवस्थळी मॅडम उंदरांना 'अहो' म्हणायच्या. "अहो, जरा मान वळवा, म्हणजे लवकर मोकळे व्हाल." आणि वारज्यातल्या भाड्याच्या खोलीवरून पाच मिनिटं उशिरा पोचलेल्या मला? "तुमच्या अमरावतीत घड्याळं मिळत नाहीत का?"

पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत त्यांचा एकच हट्ट असे: शस्त्रक्रिया पिल्लाच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशीच. "सातव्या दिवशी केलीत तर फक्त जखम कराल."

छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. शरीराचे पहारेकरी तिथे तयार होतात. तिसऱ्या दिवशी ती काढली, तर त्या पहारेकऱ्यांना आवरणाऱ्या पेशी बाहेर पडायच्या राहून जातात; सातव्यापर्यंत त्या निघून गेलेल्या असतात. मग मोठेपणी शरीर स्वतःच्याच अवयवावर उठतं. कुणाच्या जठरावर, कुणाच्या अंडाशयावर. तोच आजार आम्हाला अभ्यासायचा होता.

त्या दिवशी सहा पिल्लं होती, बोटाच्या दोन पेरांएवढी. बर्फावर निपचित करायचं, बारीक काचनळीने ग्रंथी ओढून घ्यायची, जखम बंद करायची. पाच शुद्धीवर आली. सहावं निळसर पडून राहिलं.

"मॅडम, गेलं वाटतं."

"तुम्हाला कुणी विचारलं?"

त्यांनी ते तळव्यावर घेऊन दिव्याखाली धरलं आणि बोटाने हलकेच पाठ चोळत राहिल्या. "अहो, एवढा काय राग? घ्या की श्वास." एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. मग पिल्लाने तोंड उघडलं.

खरी भीती पुढेच होती. रक्ताचा वास आला की आई पिल्लं खाऊन टाकते. मॅडमनी प्रत्येकाला घरट्यातला भुसा चोळला आणि पिल्लं आत ठेवली. आई आली. तिने हुंगलं, आणि एकाला तोंडात धरलं. मॅडमनी माझं मनगट आवळलं. आईने ते अलगद घरट्यात नेलं आणि सगळ्यांना पोटाखाली घेतलं.

"हात सोडवून घ्या की," मॅडम मलाच म्हणाल्या. मनगटावर वळ उठले होते.

दोनेक महिन्यांनी त्यांतल्या एका मादीच्या रक्तातला द्रव आम्ही निरोगी अंडाशयाच्या पातळ कापावर टाकून पाहिला. जिथे प्रतिपिंडं चिकटतील तिथे हिरवा चमकणारा रंगही वर सोडला. सूक्ष्मदर्शकात स्त्रीबीजं हिरवी चमकत होती. स्वतःच्याच शरीराविरुद्धची प्रतिपिंडं!

"मॅडम, जमलं!" मी ओरडलोच.

त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "माझ्या अंडाशयाचंही असंच झालं," त्या भिंगावरून डोळा न काढता म्हणाल्या. "अठ्ठाविसाव्या वर्षी. कुणी काही काढलं नव्हतं. आपोआप."

मी वही पुढे ओढली.

"लोक विचारतात, मूल नको होतं का? मी सांगते, नको होतं. बोलणं लवकर संपतं."

मी वहीत नोंद केली. अक्षर वेडंवाकडं आलं. त्यांनी पाहिलं. "अहो, सावकाश लिहा," त्या मला म्हणाल्या.