गोदाक्काच्या बोरीचा पाला

एका जंगलात, मुलांनो, दवाखाना नव्हता, तरी सगळे आजारी होते. वाघोबांना अपचन, अस्वलाला गुडघेदुखी, आणि कोल्ह्याला आपल्याला नक्की काय झालंय तेच ठरवता येत नव्हतं.

धडधाकट होती ती एकटी गोदाक्का भेकरी. ओढ्याकाठी बोरीची झाडं होती. वरची बोरं पाखरं खायची, खालचा पाला ती खायची. पाडसाला पोटभर दूध मिळायचं.

एकदा झाडावरून वानरांच्या अण्णांनी विचारलं, "गोदाक्का, तुला साधं शिंकतानाही पाहिलं नाही गं. खातेस तरी काय?"

कुणीतरी विचारपूस केली म्हणून गोदाक्का हरखली. "आमचं कसलं खाणं, अण्णा! हा बोरीचा पाला."

दुसऱ्या दिवशी अण्णा वैद्य झाले. खडकावर बसून सांगू लागले, "बोरं काय, कुणीही खातं. सगळा गुण पाल्यात!"

वाघोबांनी पहिला घास घेतला. "अण्णा, हिरडीत टोचतंय हो!"

"टोचणारच. गुण यायला लागलाय."

हे ऐकून कोल्ह्याने दोन काटे जास्तच टोचून घेतले.

आठ दिवसांत बोरींवर नुसते काटे उरले. वाघोबांचं अपचन थांबलं. पचवण्यासारखं पोटात काही गेलंच नव्हतं ना!

इकडे गोदाक्काचं दूध आटलं. पाडसाला घेऊन ती अण्णांकडे आली. "अण्णा, उभं राहवत नाही. लेकरू उपाशी आहे."

अण्णांनी तिच्या पापण्या ओढून पाहिल्या. "तुला बोरीचा पाला कमी पडतोय."

"अहो, तेच तर सांगायला आले!"

"मग घाबरतेस कशाला? वाळवून ठेवलाय मी. सकाळ-संध्याकाळ एक चिमूट. जास्त नको, सवय नसली की बाधतो. जा, रांगेत उभी राहा."

रांगेत पुढे वाघोबाच होते. मागे वळून म्हणाले, "अगं, किती वाळलीस! पाला घेत जा की जरा. माझ्याकडे बघ."

पाडस आईला बिलगलं. "आई, हे आता आपल्याला खात नाहीत?"

"नाही रे राजा," गोदाक्का म्हणाली. "आता ते आपलं खातात."

तात्पर्य : तब्येत कशी आहे, असं कुणी प्रेमाने विचारलं, तर आधी थोडं कण्हावं.