अण्णांची भट्टी

आमच्या शेजारचे अण्णा भेटल्यावर ‘जेवलात का’ असं कधीच विचारत नाहीत. ते विचारतात, “आत काय साठलंय?” गल्लीत नवी सून आली, तिलाही पहिल्याच दिवशी हेच विचारलं. ती बिचारी घाबरून आत पळाली. शेवटी अण्णांच्या बायकोला, म्हणजे काकींना, जाऊन तिची समजूत काढावी लागली.

अण्णांची सारी नोकरी कर्नाटकातल्या एका कारखान्यात लोखंडाच्या भट्टीवर गेली. निवृत्त होऊन कुपवाडला आले, पण भट्टी डोक्यातून उतरली नाही. माझं कापडाचं दुकान. लोखंडातलं मला ओ की ठो कळत नाही, तरी ऐकून ऐकून सगळं पाठ झालंय. भट्टीत वरून खनिज आणि कोक, म्हणजे भाजून काढलेला दगडी कोळसा, टाकतात, त्यांच्याबरोबर थोडे क्षारही आत शिरतात. खाली गेले की त्यांची वाफ होते. ती वर चढते, वरच्या थंड मालाला चिकटते आणि मालाबरोबर पुन्हा खाली येते. जुने बाहेर पडत नाहीत आणि नवे येत राहतात. मग भिंतीवर थर चढतो आणि माल मध्येच अडकून बसतो.

हे क्षार बाहेर जातात ते मुख्यतः लोखंडावर तरंगणाऱ्या वितळलेल्या मळातून. त्या मळात चुना बेताचा असावा लागतो, नाहीतर तो क्षार धरत नाही. या चुन्यापायी आमच्या पानवाल्याचे हाल चाललेत. त्याच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला अण्णा बजावतात, “चुना कमी खा गड्या, आत साठंल.” पानवाल्यानं एकदा हात जोडून सांगितलं, की आवं अण्णा, ह्ये पान हाय, भट्टी न्हाई. अण्णांनी त्यालाही अर्धा तास भट्टी समजावली.

गेल्या हिवाळ्यात मात्र अण्णा एकाएकी गप्प झाले. नदीकाठचं त्यांचं उसाचं रान पाणी पिऊन पिऊन क्षारानं पांढरं पडलं होतं. जमिनीखाली भोकांचे पाइप घालून ते पाणी ओढ्याला सोडायचं, एवढाच उपाय होता. पण ओढ्याच्या आधी धाकट्या भावाचं, भूपालचं रान लागतं. आणि आई वारल्यापासून दोघा भावांचं बोलणं बंद. आईच्या मातीला थोरला आला नाही, हा भूपालचा राग. काकी मला म्हणाल्या, “साऱ्या गावाला साठवू नका म्हनत्यात, आन् सोता बगा. तुमी तरी त्यांस्नी भावाकडं घिऊन जावा.”

दुपार कलल्यावर मी त्यांना मोटारसायकलवर बसवून नेलं. भूपाल अंगणात बसला होता. त्यानं पाणी दिलं आणि मान खाली घालून बसून राहिला. अण्णांनी एक काटकी उचलली, मातीत भट्टी काढली आणि क्षारांपासून सुरुवात केली. मी कपाळाला हात लावला. वाफ वर गेली, खाली आली, भिंतीवर थर चढला, माल अडकला. तिथं काटकी थांबली.

“आई गेली तवा भट्टी अशीच अडकली हुती,” अण्णा म्हणाले. “वरचा माल कवा कोसळंल नेम न्हवता. खाली माझी मानसं हुती. सोडून कसा येऊ?”

भूपालनं मान वर केली. “ह्ये तवाच का सांगितलं न्हाईस?”

“तू रागात हुतास. मी बी गप बसलो. साठत गेलं.”

भूपालनं मावळतीकडं बघितलं. घर जैनांचं, दिवस बुडाल्यावर तिथं कुणी जेवत नाही. त्यानं आत हाक मारून ताटं वाढायला सांगितली. “पाइप ने की माझ्या रानातनं. आदी जेव. दिस मावळाय आलाय.”

दोघं भाऊ शेजारी बसले, त्यांच्या शेजारी मी. भाकरी मोडता मोडता अण्णांनी हळूच विचारलं, आई शेवटी काय म्हणत होती.

“दुसरं काय?” भूपाल म्हणाला. “थोरला जेवला का, एवढंच इचारत हुती.”

अण्णा ताटात होतं तेवढं सगळं जेवले. मला ते बघवेना, मी आपला आमटीत बघत राहिलो.

परतताना कुपवाडचे दिवे दिसायला लागले, तेव्हा मागच्या सीटवरून त्यांचा आवाज आला. “तू जेवलास का रं?”

त्यांच्याच शेजारी बसून मी दोन भाकऱ्या खाल्ल्या होत्या. म्हटलं, “जेवलो, अण्णा.”